आपल्या युनिटमधल्या चाचण्या बाहेरच्या लॅबला सोपवताना: हळद पावडरच्या अनुभवातून

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एका शेतकरी कंपनीच्या हळद पावडर युनिटमध्ये मी नऊ वर्षं लॅब सांभाळली. लॅब म्हणजे एक खोली, एक ओव्हन, एक मफल भट्टी, जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणात प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) आणि एक चांगला काटा. त्यावर ओलावा, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख आणि कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) या चार चाचण्या चालायच्या. पुढे मोठ्या पार्ट्या, म्हणजे खरेदीदार, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचाच रिपोर्ट मागायला लागल्या, तेव्हा कंपनीने या चारही चाचण्या नागपूरच्या एका खासगी लॅबला द्यायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, सॅम्पल पाठवायचं, रिपोर्ट घ्यायचा, झालं.

पहिल्याच लॉटला आमचा ओलावा आला ११.६ टक्के आणि लॅबचा ८.८. पोतं तेच, दिवस तोच. गाडी भरून उभी आणि मुकादम दारात येऊन विचारतो, "मॅडम, हयद तर तीच आहे ना, मंग दोन रिपोर्ट दोन कायले?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला मला पाच महिने लागले. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून मी काय केलं आणि काय आधीच करायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं हळदीची आहेत, पण तुमचं युनिट मिरचीचं, डाळीचं किंवा सोयाबीनचं असलं तरी क्रम हाच राहतो.

१. कोणती चाचणी बाहेर द्यायची ते आधी ठरवा

सगळंच बाहेर देऊ नका. रोजच्या कामाचा निर्णय ज्या चाचणीवर अवलंबून आहे ती घरीच राहिली पाहिजे. उकडून वाळवलेली हळद दळायला घ्यायची की अजून दोन दिवस उन्हात ठेवायची, हे विचारायला कोणी नागपूरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाही. आम्ही ओलाव्याची झटपट चाचणी युनिटमध्येच ठेवली. तिचा रिपोर्ट मात्र पार्टीला देणं बंद केलं.

बाहेर द्यायच्या चाचण्यांचे दोन गट करा. काही चाचण्या तुम्ही स्वतः करत होतात आणि आता सोपवता आहात. काही तुम्ही कधी केल्याच नव्हत्या, जसं कीटकनाशकांचे अंश, शिसं किंवा साल्मोनेला हे जंतू. दुसऱ्या गटात सोपवण्यासारखं काही नसतं. तिथे लॅबची मान्यता तपासून सॅम्पल द्या आणि मोकळे व्हा. खरं काम पहिल्या गटात आहे, कारण तिथे तुमच्याकडे वर्षानुवर्षांचे आकडे पडलेले असतात आणि नवीन आकडे त्यांच्याशी जुळावे लागतात. लॅबवाले याला मेथड ट्रान्सफर म्हणतात.

२. मान्यतेचा स्कोप वाचा, बोर्ड वाचू नका

"आमची लॅब एनएबीएलची आहे" हे वाक्य अपुरं आहे. मान्यता प्रत्येक चाचणीला, प्रत्येक प्रकारच्या मालाला आणि ठरावीक पद्धतीला मिळते. त्या यादीला स्कोप म्हणतात आणि एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचं नाव टाकून ती पाहता येते. यादीत मसाले किंवा हळद आहे का, तुमची चाचणी आहे का आणि तिच्यासमोर कोणती पद्धत लिहिली आहे, या तीन गोष्टी पाहा. स्कोपबाहेरची चाचणी लॅब करून देईल, पण तो निकाल मान्यतेखाली येत नाही.

एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) परवान्याच्या अटींनुसार उत्पादकाने दर सहा महिन्यांनी किमान एकदा माल तपासून घ्यायचा असतो. त्यामुळे लॅब एफएसएसएआयच्या यादीत आहे का, हेही याच वेळी पाहून घ्या. म्हणजे त्यासाठी वेगळी लॅब शोधावी लागत नाही.

फोनवर आणखी एक प्रश्न विचारा: "ही चाचणी तुमच्याच लॅबमध्ये होते की पुढे दुसरीकडे जाते?" प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार काम दुसऱ्या लॅबकडे पाठवायचं असेल, तर ग्राहकाला सांगून त्याची मंजुरी घ्यावी लागते. आम्ही हा प्रश्न उशिरा विचारला. आमचं कर्क्युमिन दुसऱ्याच शहरात तपासलं जात होतं.

३. आपली पद्धत नव्याने लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्याकडे पद्धतीची फाईल होती, शिक्का आणि सहीसकट. पण मी नऊ वर्षं जे करत होते आणि त्या फाईलमध्ये जे लिहिलं होतं, त्यात बराच फरक पडला होता. हे मला तेव्हा कळलं, जेव्हा मी स्वतः चाचणी करत असताना एका सहकारी ताईला बाजूला वही घेऊन बसवलं आणि माझा हात जे जे करतो ते लिहायला सांगितलं. हे तुम्हीही करा. जुनी फाईल पुढे ठेवून नक्कल करू नका.

आमच्या वहीत निघालेल्या गोष्टी चाचणीनुसार सांगते.

ओलावा. आम्ही ओव्हनमध्ये १०५ अंशावर वाळवून वजनातली घट मोजत होतो. हळदीत उडून जाणारं तेल असतं. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेही उडतं आणि काट्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मसाल्यांचा ओलावा टोल्यून या द्रावकाबरोबर ऊर्ध्वपातन करून मोजतात: पाणी वेगळं होऊन खुणा असलेल्या नळीत खाली साचतं आणि तेल टोल्यूनमध्येच राहतं. लॅब याच पद्धतीने करत होती. ११.६ आणि ८.८ मधला मोठा हिस्सा या एका कारणाचा होता. पावडरीसाठी ओलाव्याची मर्यादा १० टक्के आहे, म्हणजे ओव्हनच्या आकड्यावर आम्ही कितीतरी चांगला माल पुन्हा वाळवायला पाठवला असणार. त्यात शेतकऱ्याचे दिवस गेले आणि वजनही गेलं. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

एकूण राख. पावडर भट्टीत पूर्ण जाळल्यावर उरते ती. भट्टीचं तापमान किती, किती तास, आणि राख पांढरट झाली हे कोण ठरवतं? ५५० अंश आणि ६०० अंश यांत निकाल थोडा बदलतो. आमच्याकडे लोडशेडिंगमुळे भट्टी मध्येच थंड व्हायची, कार्बन पूर्ण जळायचा नाही, राख करडी राहायची आणि वजन जास्त भरायचं. मी अशा वेळी राख पाण्याच्या दोन थेंबांनी भिजवून, वाळवून पुन्हा भट्टीत घालायचे. फाईलमध्ये याचा एक शब्द नव्हता.

दुसरी गोष्ट कूलरची. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलरशिवाय त्या खोलीत बसवत नाही. पण कूलरची हवा ओली असते आणि हळदीची राख ओल पटकन ओढते. उन्हाळ्यातले आमचे राखेचे आकडे हिवाळ्यापेक्षा जास्त का, याचं कोडं मला दोन वर्षं सुटलं नव्हतं. क्रूसिबल (राखेची वाटी) डेसिकेटरमधून (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढून काट्यावर ठेवेपर्यंतच्या मिनिटात ते घडत होतं. वजन करताना कूलर बंद ठेवायचा, हे वाक्य आता पद्धतीत आहे. डेसिकेटरमधली सिलिका निळी असतानाच वापरायची, गुलाबी झाली की आधी तापवायची, हेही आहे.

आम्लात न विरघळणारी राख. ही माती-वाळूची चाचणी. गाळणकागद कोणता, धुतलेल्या पाण्यात क्लोराइड संपलं हे कसं तपासलं, आणि स्थिर वजन म्हणजे लागोपाठच्या दोन वजनांत किती फरक चालतो, हे आकड्यात लिहा.

कर्क्युमिन. अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा आणि ४२५ नॅनोमीटरवर शोषण मोजायचं, इतकंच फाईलमध्ये होतं. कर्क्युमिन उजेडात खराब होतं. मी खिडकीला काळा कागद लावायचे आणि फ्लास्कला फॉइल गुंडाळायचे, पण ते कुठे लिहिलं नव्हतं. शिवाय चाचणीला पावडर लागते जेमतेम ०.१ ग्रॅम. पन्नास किलोच्या पोत्याची बाजू मांडायला एवढीच चिमूट, म्हणून ती किती बारीक चाळणीतून गेली आहे, हे लिहायलाच हवं.

प्रत्येक चाचणीखाली हिशोबाचं सूत्र पूर्ण लिहा आणि एक सोडवलेलं उदाहरण द्या. निकाल "आहे त्या स्थितीत" आहे की "कोरड्या आधारावर" (ओलावा वगळून उरलेल्या वजनावर), हे ठळक लिहा. हळद पावडरीच्या मानकात एकूण राख (९ टक्क्यांपर्यंत), आम्लात न विरघळणारी राख (१.५ टक्क्यांपर्यंत) आणि कर्क्युमिनॉइड, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्यासारखे आणखी दोन घटक (किमान २ टक्के), हे तिन्ही कोरड्या आधारावर सांगितले आहेत. पावडरीत १० टक्के ओलावा असेल आणि आहे त्या स्थितीत कर्क्युमिन ४.५ टक्के असेल, तर कोरड्या आधारावर ते ४.५ भागिले ०.९०, म्हणजे ५.० टक्के होतं. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एका लॅबने एक दिला आणि दुसरीने दुसरा, की भांडण सुरू. याच हिशोबामुळे ओलावा चुकला की बाकीचे तिन्ही आकडेही सोबत घसरतात. म्हणून सोपवताना ओलावा पहिला जुळवा. तो जुळेपर्यंत बाकीच्यांकडे पाहूच नका.

४. फाईल तयार करा

लॅबला पहिल्या भेटीत द्यायची आणि स्वतःकडे प्रत ठेवायची ती कागदपत्रं अशी:

- नव्याने लिहिलेली पद्धत, प्रत्येक चाचणीची वेगळी, तारीख आणि आवृत्ती क्रमांकासह
- उपकरणांची माहिती: काट्याची अचूकता, भट्टीचं तापमान, स्पेक्ट्रोफोटोमीटरची शेवटची तपासणी
- कर्क्युमिनच्या संदर्भ नमुन्याचं (ज्याच्याशी ताडून पाहतो त्या शुद्ध कर्क्युमिनचं) प्रमाणपत्र, त्यावरची शुद्धता आणि मुदत
- मागच्या हंगामातले किमान वीस लॉटचे निकाल, प्रत्येकाची दोन्ही वाचनं
- कच्च्या नोंदींच्या दोन-तीन पानांच्या झेरॉक्स, खाडाखोडीसकट
- तुमचा एफएसएसएआय परवाना आणि पार्टीने दिलेलं स्पेसिफिकेशन
- तुलनेचा आराखडा, दोघांच्या सह्यांची जागा ठेवून

कच्च्या नोंदी द्यायला लोक लाजतात. लाजू नका. समोरच्या केमिस्टला तुमची पद्धत स्वच्छ टाइप केलेल्या पानापेक्षा त्या वहीतून जास्त कळते.

५. "जुळलं" कशाला म्हणायचं, हे सॅम्पल पाठवण्याआधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग निकाल आल्यावर वाद घालत बसतात. आकडे समोर आले की माणूस आपल्या सोयीची मर्यादा ठरवतो. म्हणून आधी लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि मगच पाकीट बंद करा.

मर्यादा हवेतून काढू नका. तुमच्याच जुन्या नोंदीतून एकाच सॅम्पलच्या दोन वाचनांच्या वीस जोड्या घ्या. प्रत्येक जोडीतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करून तिला ४० ने भागा आणि वर्गमूळ घ्या. हे तुमच्या हाताचं प्रमाणित विचलन. त्याला २.८ ने गुणलं की एकाच हाताच्या दोन वाचनांत साधारण किती फरक स्वाभाविक आहे ते मिळतं. ओलाव्यासाठी टोल्यूनची पद्धत घेतल्यानंतरच्या आमच्या नोंदींवर हे विचलन ०.१८ आलं, म्हणजे फरक ०.५ पर्यंत. दोन वेगळ्या लॅबमध्ये थोडं जास्त धरावं लागतं. आम्ही ओलाव्याला ०.६, एकूण राखेला ०.३, आम्लात न विरघळणाऱ्या राखेला ०.१५ आणि कर्क्युमिनला ०.२५ टक्के-अंक ठेवले. हे आकडे आमचे आहेत. तुमचे तुमच्या वहीतून काढा.

उपकरणाच्या मर्यादेचंही भान ठेवा. टोल्यून पद्धतीत ४० ग्रॅम पावडर घेतली आणि नळीवरच्या खुणा ०.१ मिलिलिटरच्या असल्या, तर एक खूण म्हणजेच ०.२५ टक्के ओलावा. तिथे "फरक ०.१ च्या आत हवा" असं लिहिणाऱ्याने ती नळी कधी डोळ्यासमोर धरलेली नसते.

याच कागदावर पास-नापासचा नियमही लिहून घ्या. मर्यादा १० टक्के, निकाल ९.८ आणि लॅबच्या मोजणीची अनिश्चितता अधिक-उणे ०.४ असेल, तर रिपोर्टवर काय लिहिणार? आयएसओ/आयईसी १७०२५ मानकात याला निर्णयनियम म्हणतात आणि तो आधी ग्राहकाशी ठरवून घेणं लॅबवर बंधनकारक आहे. पण तुम्ही विचारलं नाही तर कोणी आठवण करून देत नाही.

६. सॅम्पल: अर्ध्याहून जास्त भांडणं इथेच असतात

तुलनेसाठी तीन वेगवेगळे लॉट घ्या. एक चांगला, एक मधला आणि एक मर्यादेच्या जवळचा. तिन्ही चांगलेच घेतले तर दोन्ही लॅब छान जुळतात आणि अडचणीचा लॉट आल्यावर पितळ उघडं पडतं.

प्रत्येक लॉटमधून चारेक किलो पावडर काढा, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून. सगळी एका चाळणीतून गाळा, स्वच्छ कागदावर ढीग करा, ढीग चपटा करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन एकत्र करा आणि पुन्हा ढीग करा. असं चार-पाच वेळा करा, मगच पाकिटं भरा. टोल्यूनला एका वाचनाला ४० ग्रॅम लागतात, म्हणून पाकीट २५० ग्रॅमचं ठेवा.

आता सापळा. वाळू पावडरीपेक्षा जड असते. पाकीट एसटीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत तास-दीड तास हादरे खात गेलं की वाळू तळाशी बसते. लॅबमधला मुलगा वरून दोन ग्रॅम उचलतो आणि तुमची माती-वाळू कमी दाखवतो. पुढच्या वेळी कोणी तळातून उचलतो आणि तोच लॉट नापासही होऊ शकतो. आमच्या एका लॉटचे असे ०.६ आणि १.३ आले होते. उपाय सोपा आहे: पाकीट उघडल्यावर सगळी पावडर ट्रेमध्ये ओतून मिसळायची आणि मगच वजन करायचं. हे वाक्य पद्धतीत पहिल्या क्रमांकावर लिहा आणि पाकिटावरही चिकटवा.

पाकीट ॲल्युमिनियमच्या थराचं घ्या आणि सील करा. साध्या पॉलिथिनमधून उजेडही जातो आणि पावसाळ्यात ओलही. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे सॅम्पल ठेवून जेवायला थांबू नका. सॅम्पल सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शनिवारी पाठवलेलं पाकीट रविवारभर कुरियरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहतं.

पाकिटांवर लॉट क्रमांक घालू नका, नुसते कोड घाला. प्रत्येक लॉटची दोन पाकिटं दोन वेगळ्या कोडने द्या आणि ती एकच आहेत हे सांगू नका. लॅब स्वतःशी किती जुळते, हे यातून कळतं. स्वतःच्या केमिस्टलाही कोडवरच काम करायला लावा. मी माझे लॉट ओळखत होते आणि काट्याच्या शेवटच्या आकड्याला अपेक्षेकडे झुकताना मी स्वतःला पकडलं आहे.

लेड क्रोमेटच्या चाचणीबद्दल वेगळं सांगते. ही हळदीला पिवळेपणा आणणारी विषारी भेसळ आहे आणि चाचणी होय-नाही स्वरूपाची असते. लॅब ती ओळखू शकते का, हे पाहायला भेसळीचा नमुना हवा, असं कोणी सुचवेल. तो नमुना लॅबने स्वतःकडचा वापरावा. खाद्यपदार्थ बनतो त्या आवारात लेड क्रोमेटची बाटली कुठल्याही कारणाने आणू नका.

७. दोन दिवस त्यांच्या लॅबमध्ये जाऊन बसा

फोन आणि मेलवर हे काम होत नाही. पहाटेची गाडी धरा आणि त्यांचा जो केमिस्ट प्रत्यक्ष तुमची चाचणी करणार आहे, त्याच्याजवळ बसा. मॅनेजरशी चहा पिऊन परत येऊ नका.

पहिल्या दिवशी तुम्ही करा, त्याला पाहू द्या. दुसऱ्या दिवशी तो करेल, तुम्ही पाहा आणि शक्यतो बोलू नका. जिथे तो थांबून तुमच्याकडे बघतो, तिथे तुमच्या लिखाणात भोक आहे. आमच्या पानावर "उकळा" एवढंच होतं. तो म्हणाला, "मॅडम, किती वेळ? आणि मंद की जोरात?" मी नऊ वर्षं दहा मिनिटं मंद उकळत होते, पण ते फक्त मला माहीत होतं.

टोल्यूनच्या काचसामानाकडे नीट पाहा. कंडेन्सर (वाफ थंड करणारी नळी) आतून तेलकट असेल तर पाण्याचे थेंब वरच चिकटून राहतात, नळीत उतरत नाहीत आणि ओलावा कमी दिसतो. चाचणी संपायच्या आधी ते थेंब खाली उतरवायला लागतात. टोल्यून ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ आरोग्याला वाईट, म्हणून त्यांचं फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट) चालू आहे का, हेही पाहून घ्या.

८. तुलनेची फेरी

तीन लॉट, प्रत्येकाची दोन पाकिटं, प्रत्येक पाकिटाची तीन वाचनं, दोन्हीकडे एकाच आठवड्यात. परवडत असेल तर दोन्हीकडे दोन-दोन माणसं लावा. माल बराच काळ पडून राहिला तर ओलावा बदलतो आणि मग तुम्ही दोन वेगळ्या मालांची तुलना करत बसता.

वाळूच्या चाचणीसाठी एक जास्तीची परीक्षा घ्या. केमिस्टला २ ग्रॅम पावडर क्रूसिबलमध्ये घ्यायला सांगा आणि त्यातच आम्लाने धुतलेली, भाजलेली बारीक वाळू २० मिलिग्रॅम घालू द्या. निकाल सुमारे एक टक्का-अंकाने वाढला पाहिजे. फारच कमी वाढला तर गाळताना वाळू कुठेतरी निसटते आहे. वाळू पाकिटात मिसळू नका, कारण ती तळाशी बसते, हे वर सांगितलंच आहे.

निकाल एकमेकांना एकाच वेळी पाठवा. आधी तुमचे आकडे दिलेत तर त्या तुलनेला काही किंमत राहत नाही.

आकडे हातात आल्यावर सरासरीतला फरक मर्यादेत आहे का, हे पाहा. मग फरकाची दिशाही पाहा. आमच्या पहिल्या फेरीत एकूण राख तिन्ही लॉटमध्ये मर्यादेत होती, पण तिन्ही वेळा आमचीच ०.२ ने जास्त होती. कागदावर पास. मी तिथेच थांबले असते तर कूलरचं कारण मला कधी सापडलं नसतं.

९. जुळलं नाही तर

पुन्हा तीच चाचणी करून बरा आकडा येईपर्यंत वाट पाहू नका. दोन्हीकडच्या कच्च्या नोंदी शेजारी ठेवा आणि या क्रमाने तपासा: आधी हिशोब आणि कोरडा आधार, मग वजन, मग सॅम्पल मिसळलं होतं का, मग संदर्भ नमुन्याची शुद्धता हिशोबात धरली का, आणि शेवटी पद्धत. पहिल्या तीनमध्येच बहुतेक वेळा सापडतं.

कर्क्युमिनला एक कारण खास आहे. ४२५ नॅनोमीटरवर स्पेक्ट्रोफोटोमीटर तिन्ही कर्क्युमिनॉइड एकत्र मोजतो. एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र प्रत्येकाला वेगवेगळं मोजतं. लॅबने एचपीएलसीवर फक्त कर्क्युमिन दिलं असेल तर आकडा तुमच्यापेक्षा कमीच येणार आणि कोणाचीही चूक नसेल. पार्टीच्या स्पेसिफिकेशनमध्ये नक्की काय मागितलं आहे, हे वाचून एकच पद्धत ठरवा. आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथली हळद तिच्या कर्क्युमिनवर विकली जाते, म्हणून हा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे शेतकऱ्यालाही सांगता आलं पाहिजे.

कारण सापडलं की ते लिहा, पद्धत दुरुस्त करा, आवृत्ती क्रमांक बदला आणि फेरी पुन्हा घ्या. आम्ही दोनदा घेतली.

१०. करारात काय हवं

लॅबचा छापील फॉर्म सही करून परत देऊ नका. त्यासोबत एक पान जोडा. त्यावर पद्धतीचा आवृत्ती क्रमांक, निकालाला लागणारे दिवस, उरलेलं सॅम्पल किती दिवस जपायचं, मागितल्यावर कच्च्या नोंदी दाखवायच्या आणि पद्धतीत किंवा उपकरणात बदल करण्याआधी कळवायचं, हे सगळं असू द्या. आणखी एक महत्त्वाचं: निकाल मर्यादेबाहेर आला तर रिपोर्ट छापायच्या आधी फोन. लपवण्यासाठी नव्हे, तर तो लॉट गोदामातून हलण्याआधी थांबवता यावा म्हणून.

रिपोर्टवर "निकाल मिळालेल्या सॅम्पलपुरते" असं लिहिलेलं असतं. सॅम्पल तुम्ही काढलेलं असल्याने ते योग्यच आहे. पोत्यातून पाकिटापर्यंतची जबाबदारी तुमचीच राहते, म्हणून सॅम्पल काढणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण आणि त्याची नोंदवही बंद करू नका.

११. सोपवून झाल्यावर

पहिले तीन महिने दर पाचवा लॉट दोन्हीकडे तपासा. एका चांगल्या लॉटची पंचवीस-तीस छोटी पाकिटं सील करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि महिन्याला एक, नेहमीच्या सॅम्पलमध्ये मिसळून नव्या कोडने पाठवा. त्याचे आकडे आलेखावर मांडत चला. लागोपाठ पाच-सहा एकाच बाजूला सरकले, तर मर्यादेत असले तरी फोन करा. आमच्याकडे असं झालं, तेव्हा त्यांचा केमिस्ट बदललेला होता आणि नव्या माणसाला ट्रेमध्ये मिसळायचं कोणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा एक दिवस जाऊन बसले.

घरचा काटा आणि ओव्हन विकू नका, त्यांची तपासणी चालू ठेवा. घरची ओलाव्याची झटपट चाचणी आणि लॅबचा टोल्यूनचा आकडा यांतला फरक प्रत्येक लॉटला नोंदवा. आमच्याकडे तो नव्या मालाला जास्त आणि वर्षभर साठवलेल्या हळदीला कमी येतो, कारण साठवणीत तेल थोडं उडालेलं असतं. हा तक्ता आता दळणाच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. उन्हात घातलेला माल कधी उचलायचा, हे मुकादम त्यावर बोट ठेवून ठरवतो.

जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. पार्टीने मागच्या हंगामाचा आकडा काढला की तो ओव्हनचा होता की टोल्यूनचा, हे फक्त त्याच वह्यांत सापडतं.